नाइफमधला 'के' गेला कुठे? के-एनने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांची गोष्ट

खडूफळा
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात श्रुतलेखन घेतलं. दहा शब्दांपैकी चार 'के-एन'ने सुरू होणारे होते: गुडघ्याचा नी, सुरीचा नाइफ, जाणण्याचा नो आणि दार वाजवण्याचा नॉक. बत्तीस मुलांपैकी सव्वीस जणांनी 'के' गाळला. वह्या परत देताना मी नेहमीसारखं सांगितलं, "इथे के सायलेंट असतो." तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला?"

मी त्याला "पाठ कर" म्हणाले आणि पुढचा धडा घेतला. पण तेव्हापासून ते उत्तर मला टोचतंय. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. इथे भाषेची आवड असलेली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. हा के आला कुठून आणि गेला कुठे? हे सगळे शब्द एकाच घरातले आहेत का? आणि सहावीच्या मुलांना समजेल असं यातलं काय सांगता येईल?

अडकित्ता
ताई, आम्हाला तर छडीच्या धाकाने पाठ झालं होतं. पण प्रश्न भारी आहे पोराचा. त्याला माझ्याकडून शाबासकी द्या.

स्टुटगार्टकर
खडूफळा ताई, के कुठेही गेलेला नाही, तो इकडे जर्मनीत मजेत आहे. गुडघ्याला इथे 'क्नी' म्हणतात आणि क चांगला ठसठशीत उच्चारतात. गाठ म्हणजे 'क्नोटन', कणीक मळणं म्हणजे 'क्नेटन', शर्टाचं बटण म्हणजे 'क्नोप्फ', हाताच्या सांध्याचं हाड 'क्नोखेल'. आता इंग्रजीतले नॉट, नीड (कणीक मळण्याचा), नॉब आणि नकल आठवा. डच आणि स्वीडिश लोकही क म्हणतात. सगळी भावंडं बोलतात, एकटी इंग्रजी गप्प झाली.

इथे आलो तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता. बालवाडीतून आला आणि गुडघा दाखवून "क्नी दुखतोय" म्हणाला. मला वाटलं इंग्रजी स्पेलिंग वाचून बोलतोय. मग लक्षात आलं, त्याला अजून वाचताच येत नव्हतं.

पाटीपेन्सिल
स्टुटगार्टकरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. थोडा इतिहास मी जोडतो.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, हा क स्पष्ट ऐकू यायचा. लिहायचे मात्र 'सी-एन'. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर लिहिण्याची पद्धत बदलली आणि हळूहळू 'सी'च्या जागी 'के' रुळला. चौदाव्या शतकात कवी चॉसरच्या काळीही लोक क म्हणत होते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि तिथून पुढे स्पेलिंगं घट्ट होऊ लागली. क मावळला तो त्यानंतर, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे आधी शब्द छापले गेले आणि मग तोंडं बदलली. जो के आपण सायलेंट म्हणतो तो कुणाचाही चक्रमपणा नाही. एकेकाळी तो खरोखर ऐकू येत असे.

मुलांना सांगायला सगळ्यात चांगला शब्द म्हणजे नाइट, सरदार-योद्धा या अर्थाचा. के-एन-आय-जी-एच-टी, सहा अक्षरं. आज त्यातली तीन नुसती बसून असतात. पण जुना उच्चार होता 'क्निख्त'. क, न, इ, ख, त! एकही अक्षर फुकट नव्हतं. वर्गात सगळ्यांना एकदम म्हणायला लावा, मुलांना फार आवडेल.

अडीच_घरं
बुद्धिबळातला घोडाही हाच. इंग्रजीत त्याला नाइट म्हणतात, पण चाल लिहिताना त्याच्यासाठी 'एन' वापरतात, कारण 'के' राजाने, म्हणजे किंगने आधीच बळकावलाय. वर्षानुवर्षं मी 'एन-एफ-थ्री' लिहीत आलो. एन कशाचा, असा विचार कधी केला नव्हता. आपल्या घोड्याला ही कटकट नाही, तो आपला अडीच घरं चालतो.

बदामसत्ती
मग पत्त्यांचंही सांगते! इंग्रजीत गुलामाला आधी जॅक नाही, 'नेव्ह' म्हणायचे. तोही के-एनवालाच. एकोणिसाव्या शतकात पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला सुरुवात झाली तेव्हा किंगचा के आणि नेव्हचा के-एन यांत गोंधळ व्हायला लागला, म्हणून जॅकचा 'जे' पक्का झाला. बुद्धिबळात एन घेऊन भागवलं, पत्त्यांत नावच बदललं.

पाटीपेन्सिल
बदामसत्ती, तुम्ही अगदी मोक्याचा पत्ता टाकलात. नाइट आणि नेव्ह हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीत एकाच अर्थाने सुरू झाले: पोरगा. पोरग्यावरून चाकर. मग एकाचं नशीब उघडलं. राजाचा चाकर, राजाचा घोडेस्वार, मग थेट सरदार. दुसरा चाकरच राहिला आणि पुढे लुच्चा, बदमाश या अर्थाला जाऊन पोचला. जर्मनमध्ये उलटी वाटणी झाली. तिथे 'क्नाबे' म्हणजे साधा मुलगा आणि 'क्नेख्त' म्हणजे शेतावरचा गडी.

आता आपला पत्त्यांतला शब्द पाहा. 'गुलाम' अरबीतून आला आणि अरबीत त्याचा पहिला अर्थ पोरगा, तरुण मुलगा. नंतर चाकर, नंतर विकत घेतलेला माणूस. म्हणजे इंग्रजांनी पत्त्याला जो शब्द दिला आणि आपण जो दिला, ते दोन्ही वेगवेगळ्या मुलखांतून एकाच वाटेने चालत आले.

रानमेवा
आणि आपला चहाच्या टपरीवरचा 'पोऱ्या'? पोरगा म्हणजे चाकर, तीच वाट की. 'गडी' शब्द तर दोन्हीकडे जातो. शेतावर ठेवलेला तोही गडी आणि "काय गडी आहे राव" म्हणताना तोही गडी. नाइट आणि नेव्ह एकाच शब्दात नांदतायत.

पाटीपेन्सिल
रानमेवा, हे मला सुचलं नव्हतं. वहीत लिहून ठेवतोय.

मुळारंभ
एवढं लांब कशाला जायचं? नी म्हणजे आपला जानु. जाणण्याचा नो म्हणजे आपला ज्ञा. इंग्रजांनी संस्कृतातून शब्द उचलले आणि उच्चार बिघडवले, एवढंच आहे. हे शाळेत शिकवलं पाहिजे.

पाटीपेन्सिल
मुळारंभ, जोड्या तुम्ही अचूक लावल्यात, पण नातं वेगळं आहे. इंग्रजी ही संस्कृतची मुलगी नाही, लांबची बहीण आहे. दोघींची आई आणखी जुनी. तिच्या हातचा एकही लेख उरलेला नाही, मुलींच्या चेहऱ्यांवरून तिचा चेहरा ताडावा लागतो. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केलं आणि संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं मांडलं. जर्मन आणि केल्टिक भाषाही त्याच घरातल्या असाव्यात असा त्यांचा कयास होता.

बिघाड असता तर तो कसाही झाला असता. इथे चक्क नियम आहे. मूळ भाषेत एक ग होता, जरा टाळूकडे सरकलेला. संस्कृतात त्याचा ज झाला, ग्रीक-लॅटिनमध्ये तो ग राहिला आणि इंग्रजी-जर्मनकडे त्याचा क झाला. पाहा:

गुडघा: संस्कृत जानु, लॅटिन गेनु, जर्मन क्नी, इंग्रजी के-एनवाला नी.
जाणणे: संस्कृत ज्ञा, ग्रीक ग्नोसिस, इंग्रजी के-एनवाला नो.
कुळ: संस्कृत जन, लॅटिन गेनुस, इंग्रजी किन.

ज, ग, क. तिन्ही ओळींत तेच. याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८२२ मध्ये असे नियम नीट मांडले. द बदलून ट होण्याची खूणही त्याच यादीत आहे: आपले दोन, त्यांचे टू, आपले दहा, त्यांचे टेन.

मुळारंभ
बहीण म्हणालात, तेही चालेल. पण हे ज-ग-क माहीत नव्हतं. मान्य.

हाडवैद्यीण
मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर गुडघेच बघते. आमच्या पुस्तकात गुडघे एकमेकांना लागतात त्या व्यंगाला 'जेनू व्हॅल्गम' म्हणतात. बोलताना त्यालाच 'नॉक-नी'. म्हणजे एकाच केसपेपरवर लॅटिन गेनु आणि इंग्रजी नी शेजारी शेजारी! आज ओपीडीत एका आजोबांना जानुशीर्षासन करू नका म्हणून सांगत होते आणि मधेच थांबले. जानु, जेनू, नी. तीन बहिणी एका टेबलाशी बसल्यासारखं वाटलं.

आणि आजानुबाहू. लहानपणी कीर्तनात रामाचं वर्णन ऐकताना मला हा शब्द म्हणजे नुसता थोर, भव्य असं काहीतरी वाटायचा. आ-जानु, गुडघ्यापर्यंत पोचणारे बाहू. तो 'जानु' आणि माझ्या रोजच्या रिपोर्टातला 'नी' एकच आहे हे कळल्यापासून रिपोर्ट लिहायलासुद्धा छान वाटतंय.

अवांतर: ट्रिगॉनॉमेट्री, डायगोनल यांतला 'गोन' म्हणजे ग्रीकमधला कोन, कोपरा. त्याचंही नातं गुडघ्याच्या ग्रीक शब्दाशी, गोनुशी लावतात. गुडघा दुमडला की कोनच होतो ना.

तारीख_पे
वकिलीतलं उदाहरण देतो. 'कॉग्निझेबल ऑफेन्स', मराठीत दखलपात्र गुन्हा. त्यातला 'ग्न' म्हणजे हाच, जाणणारा. दखल घेणं म्हणजे जाणून घेणं. रेकग्नाइज, इग्नोर, इन्कॉग्निटो ही सगळी लॅटिनमार्गे आलेली. 'नोटिस'ही त्याच घरातली, पण लॅटिनमध्येच तिचा ग पडला. म्हणजे अक्षर गिळण्यात इंग्रजी एकटी नाही.

ओवी
डायग्नोसिस, प्रोग्नोसिस राहिले! आणि अग्नॉस्टिक. हा शब्द टी. एच. हक्स्ली यांनी १८६९ मध्ये घडवला. ग्रीक 'अ' म्हणजे नाही आणि 'ग्नो' म्हणजे जाणणे. मराठीत आपण म्हणतो अज्ञेयवादी. तोच 'अ', तोच 'ज्ञ'. भाषांतर करणाऱ्याने अर्थ जुळवला असेल, पण मुळाशी अक्षरंही जुळली.

पाटीपेन्सिल
ओवी, एक पायरी अजून. संस्कृत 'अज्ञात', लॅटिन 'इग्नोटुस', ग्रीक 'अग्नोतोस'. तिन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेत: नाही + जाणलेलं. आणि इंग्रजीतला चौथा भाऊ म्हणजे 'अनकूथ'! आज अर्थ गावंढळ, असंस्कृत. मूळ अर्थ अनोळखी. जो ओळखीचा नाही तो अडाणीच, असा प्रवास झाला त्या शब्दाचा. मला या शब्दाचं नेहमी वाईट वाटतं.

गलबतवाला
मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालो, आता दापोलीला असतो. धागा वाचताना के-एनवाल्या नॉटपाशी थांबलो.

जहाजाचा वेग नॉटमध्ये सांगतात. नॉट म्हणजे गाठ, आणि ती खरोखरचीच गाठ होती. शिडाच्या काळात लाकडाची एक फळी दोराला बांधून मागे पाण्यात सोडत. फळी पाण्यात जागच्या जागी राही, जहाज पुढे जाई आणि दोर उलगडत जाई. दोराला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ मारलेली असे. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू संपेपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचं. सात गाठी गेल्या तर सात नॉट. गणित असं जुळवलेलं की एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणून "नॉट पर अवर" म्हटलेलं आम्हाला खपत नाही. तास गाठीतच बांधलेला आहे.

आमच्या बोटीवर एक डच चीफ इंजिनिअर होते. ते इंग्रजी बोलतानासुद्धा कधीकधी 'क्नॉट' म्हणून जायचे. आम्ही पोरं हसायचो. आज इतक्या वर्षांनी वाटतं, त्यांच्या तोंडी जुना उच्चार होता आणि आम्हीच अर्धवट शिकलो होतो.

लोकरीचा_गुंडा
विणकामाचं निटिंगही के-एनवालंच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गाठ मारणे. नॉट आणि निट सख्खी भावंडं. स्वेटर विणणारीला हे सांगावं लागत नाही म्हणा, पहिला टाका म्हणजे सरकगाठच असते.

शब्दवेडी
जाता जाता, एक निरीक्षण. के-एनवाले कितीतरी शब्द गोल, उंचवट्यासारख्या वस्तूंचे आहेत. नॉब (गॅसचा), नॉट, नकल, नोल म्हणजे टेकाड. आणि मराठीत बघा: गाठ, गोळा, गुठळी, गड्डा, गुंडा. ग-ग-ग. ज-ग-क नियमात हेही बसतं का?

पाटीपेन्सिल
नाही बसत, शब्दवेडी, इथे सावध राहा. नियम लावायचा तर शब्दाचं जुनं रूप पाहावं लागतं. आपली गाठ आली संस्कृत 'ग्रंथि'वरून. तिथे ग नंतर र आहे, न नाही. तो धातू बांधण्याचा. त्याच धातूपासून ग्रंथ, म्हणजे बांधलेली पानं. तेव्हा गाठ आणि ग्रंथ ही भावंडं, गाठ आणि नॉट नव्हेत. इंग्रजीत मात्र के-एनने गोल वस्तूंचे बरेच शब्द आहेत हे तुमचं निरीक्षण खरं आहे आणि अभ्यासकांनीही ते टिपलंय. काही आवाज काही आकारांना चिकटतात. पण चिकटणं वेगळं, नातं वेगळं.

स्टुटगार्टकर
फसवं नातं म्हणाल तर इथली लसूण, 'क्नोब्लाउख'. ऐकून वाटतं क्नोप्फची, नॉबची बहीण असेल. गड्डाच तो! पण जुन्या जर्मनमध्ये शब्द 'क्ल'ने सुरू होत होता, अर्थ चिरलेला कांदा, म्हणजे पाकळ्या-पाकळ्यांचा. पुढे ल चा न झाला आणि ती क्न-मंडळींत येऊन बसली.

हळदीकुंकू
कुणी निकरबद्दल बोललं नाही अजून! आमच्याकडे शाळेच्या अर्ध्या चड्डीला निकर म्हणतात, तो के-एनचाच शब्द आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने १८०९ मध्ये न्यूयॉर्कचा एक गमतीदार इतिहास लिहिला, डिड्रिक निकरबॉकर या डच टोपणनावाने. पुढे त्या पुस्तकातल्या चित्रांमधले डच लोक गुडघ्याखाली बांधलेल्या तुमानी घालायचे, तसल्या तुमानींना निकरबॉकर्स म्हणू लागले आणि मग नुसतं निकर्स. आपल्याकडे तो पोरांच्या अर्ध्या चड्डीवर आला. इंग्लंडात बायकांच्या आतल्या कपड्यावर गेला.

आमच्या शेजारच्या काकू लेस्टरला लेकीकडे गेल्या होत्या. दुकानात नातवासाठी "स्कूल निकर" मागितली. दुकानातली मुलगी गोंधळली, मग लेकीने येऊन 'शॉर्ट्स' म्हणून सांगितलं. काकू आल्यावर म्हणाल्या, "शब्द त्यांचाच, आपण जपला, त्यांनी बदलला."

अडकित्ता
काकूंचं वाक्य धाग्यावर कोरून ठेवा.

सरळसोट
सगळं वाचलं, ज्ञानात भर पडली. पण मला अजूनही वाटतं की जो आवाज तीनशे वर्षांपूर्वी मेला त्याचं ओझं लहान पोरांनी का वाहायचं? के काढून टाका. सव्वीस पोरं चुकली, म्हणजे चूक स्पेलिंगची आहे, पोरांची नाही.

शब्दवेडी
काढला तर जाणण्याचा नो आणि नकाराचा नो एक होतील, नाइट आणि नाइट एक होतील. रात्र कुठली, सरदार कुठला?

सरळसोट
बोलताना कुठे अडतं? वाक्यावरून कळतंच की.

निळीशाई
सरळसोट, तुम्ही म्हणता ते मराठीने करून बघितलंय. माझ्या आजोबांची पत्रं माझ्याकडे आहेत. त्यांत ते 'नांव', 'गांव', 'पांच', 'दांत' असं लिहितात, प्रत्येकावर अनुस्वार. तो बोलण्यात ऐकू येत नव्हता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तो आपला सायलेंट के होता. आणि त्याचंही काही सांगणं होतं. पांचवरचा टिंब म्हणजे पञ्चमधला ञ. दांतवरचा म्हणजे दन्तमधला न. नांव, गांववरचा म्हणजे नाम, ग्राममधला म.

मला विचाराल तर मी दोन्ही बाजूंना आहे. शाळेत त्या टिंबांसाठी मार खाल्लेल्या माणसांना १९६२ किती मोठी सुटका वाटली असेल ते कळतं. पण आजोबांचं पत्र उघडलं की त्या टिंबांतून शब्दांच्या आज्या-पणज्या बघत असतात असं वाटतं.

माडाची_सावली
मडगावहून. निळीशाई, तो अनुस्वार कोकणीत अजून जिवंत आहे! आम्ही 'नांव', 'गांव', 'दांत' नाकातूनच म्हणतो. "तुजें नांव कितें?" मराठीला कोकणी आहे तशी इंग्रजीला जर्मन. एकीच्या कागदावर उरलेला किंवा पुसलेला आवाज दुसरीच्या तोंडात सापडतो.

स्टुटगार्टकर
माडाची_सावली, काय सुंदर जुळवलंत!

ओवी
आता एक माझ्याकडून. आपण इंग्रजीला विचारतोय की लिहिलंय तसं बोलत का नाहीस. आणि आपला 'ज्ञ'? अक्षर आहे ज आणि ञ यांचं. मराठीत आपण म्हणतो 'द्न्य', हिंदीत 'ग्य', गुजरातीत 'ग्न'. ज कुणाच्याच तोंडात नाही. लिहिताना मात्र सगळे निष्ठेने ज्ञ लिहितो.

माझ्या नावातच ज्ञ आहे. पासपोर्टवर डी-एन-वाय असं स्पेलिंग आहे, ज्ञानेश्वरांचं आपण करतो तसंच. दिल्लीच्या ऑफिसात सगळे मला 'ग्य' लावून हाक मारतात, कागदावरचा डी बघून गोंधळतात. टोरांटोच्या सहकाऱ्यांनी तर पहिल्या मीटिंगमध्ये डी सरळ सोडून दिला आणि 'न्या'पासून सुरुवात केली. विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं डी सायलेंट आहे, के-एनमधल्या के सारखा. ज्या अक्षराच्या घरातून तो के गेला त्याच घरातलं माझं अक्षर, आणि त्यांनी त्यालाही तोच न्याय लावला.

रानमेवा
ओवी, या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत साठवला.

पाटीपेन्सिल
ओवी यांच्यामुळे खडूफळा ताईंच्या मूळ प्रश्नाकडे परत येता येईल. ताई, मुलांना सायलेंट के कुठे आहे हे ओळखायची एक युक्ती आपल्याच भाषेत आहे. जिथे संस्कृतातल्या भावंडात न च्या आधी ज असतो, तिथे इंग्रजीत के. जानु, ज्ञा. मधे 'आ' असो वा नसो. जिथे संस्कृतातही शब्द न पासूनच सुरू होतो, तिथे के नाही. नाम: नेम. नासा: नोज. नख: नेल. नव: न्यू आणि नाइन, दोन्ही. नाभि: नेव्हल. नग्न: नेकेड. नीड म्हणजे घरटं: नेस्ट. आणि रात्रीचा नाइट? संस्कृत नक्त. ज नाही म्हणून के नाही, पण क्त आहे म्हणून जी-एच-टी आहे! एका नाइटला के आहे आणि दुसऱ्याला नाही, त्याचं कारण इथे दिसतं.

सगळ्या के-एन शब्दांना संस्कृतात भावंडं नाहीत, तेव्हा युक्ती सगळीकडे चालणार नाही. पण जिथे चालते तिथे चोख चालते.

सरळसोट
हे मात्र पटलं. के ठेवा.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस रात्री जागून धागा वाचला, वहीत उतरवला आणि आज वर्गात नेला.

आधी फळ्यावर मोठा ज्ञ काढला आणि विचारलं, यात कोणती अक्षरं आहेत? "द आणि न्य, बाई." मग फोड करून दाखवली, ज आणि ञ. मुलांचे डोळे मोठे झाले. पाच वर्षं हे अक्षर लिहितायत, आत ज आहे हे कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं, मीही नाही. मग म्हटलं, आपण ज लिहितो आणि म्हणत नाही, इंग्रज के लिहितात आणि म्हणत नाहीत, कारण दोघांची पणजी एक. त्यानंतर सगळ्या वर्गाने 'क्निख्त' म्हटलं. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

नेम, नोज, नेल यांची यादी मुलांनीच पूर्ण केली. मी नाव, नाक, नख म्हणायचं आणि त्यांनी इंग्रजी शब्द ओरडायचा. एका मुलीने स्वतःहून नऊ-नाइन सांगितलं. शेवटी पुन्हा तेच श्रुतलेखन घेतलं. नी आणि नो बत्तीसपैकी एकोणतीस जणांचं बरोबर आलं. नाइफ आणि नॉक पहिल्यासारखेच अडले.

मागच्या बाकावरचा तो मुलगा उठला. "बाई, नाइफला आपल्याकडे भाऊ नाही का?" मी सांगितलं, नाही रे, तो उत्तरेकडून आला, व्हायकिंग लोकांच्या भाषेतून. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग तो एकटाच पाठ करतो."